कोकणकडा, उणे ३४ तास

शुक्रवार, रात्री ९:४०. उणे ३४ तास

आमच्या कपाटाच्या तळाशी हवाबंद झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा आहे. घरात तो पिठासाठी आला होता. जून ते ऑक्टोबर त्यात माझा कॅमेरा राहतो. पुण्याची पावसाळी हवा लेन्सला मानवत नाही. आतल्या काचांवर बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे धरले की पुढच्या प्रत्येक फोटोवर पातळ दुधी पडदा येतो. म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या. हे दाणे कोरडे असताना निळे असतात आणि हवेतलं पाणी पिऊन भरले की गुलाबी होतात. त्या रात्री ते लग्नातल्या बडीशेपेच्या गोळ्यांइतके गुलाबी होते.

भाजले की ते पुन्हा निळे होतात. (स्वयंपाकाच्या तव्यावर नव्हे. तो निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो, पोटात जायच्या लायकीचा नाही.) पंधरा-वीस मिनिटांचं काम. मी डब्याचं झाकण लावलं आणि आल्यावर बघू म्हणालो.

दुसरा कॅमेरा भाड्याने घ्यावा असंही त्याच रात्री मनात आलं होतं. पुण्यात मिळतो. पण माझा सात वर्षं जुना डीएसएलआर कधी अडला नव्हता, आणि जो अडला नाही तो अडणार नाही असं आपण गाडीबद्दल, गुडघ्यांबद्दल आणि कॅमेऱ्याबद्दल धरून चालतो.

निघालो होतो इंद्रवज्रासाठी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहावं, पाठीशी तिरपं ऊन, समोर दरीतून वर आलेलं धुकं, आणि त्या धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीच्या डोक्याभोवती रंगांचं पूर्ण गोल कडं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते इथेच पाहिलं आणि १८३५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. त्याच्या कड्यात तो होता, त्याची माणसं होती आणि त्याचा घोडासुद्धा होता. चार वेळा जाऊन मला फक्त धुकं मिळालं होतं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, पाऊस सरत आलेला, सोबत बावीस वर्षांचा भाचा. पाचवी खेप.

शनिवार, सकाळी १०:४०. उणे २१ तास

नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत गडाच्या पायथ्याच्या पाचनईला पोचलो. भाच्याला घाम फार येतो, त्यामुळे पाच तास गाडीत एसी चालू होता. मागच्या सीटवर बॅगेतला कॅमेरा तेवढाच गार झालेला. गावात उतरलो तर हवा इतकी दमट की शर्ट पाठीला चिकटला. समोरच्या डोंगराच्या पोटावर पाण्याच्या दहा-बारा पांढऱ्या रेघा उतरत होत्या. असं दिसल्यावर कोणी बॅग बंद ठेवत नाही.

बॅग बंद ठेवायची असते. गार वस्तू दमट हवेत आली की तिच्यावर दव धरतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं. कॅमेरा बंद बॅगेतच तासभर बाहेरच्या उष्णतेला येऊ द्यावा, मगच चेन उघडावी. हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यांना सांगितलंही होतं.

कॅमेरा काढताच लेन्सची पुढची काच आंधळी झाली. शर्टाच्या टोकाने पुसली, पुन्हा आंधळी. मग मी त्या दिवसातली पहिली खरी चूक केली. म्हटलं, वाइड लेन्स लावून बघू. त्या हवेत लेन्स काढली, म्हणजे कॅमेऱ्याच्या गार पोटाचं दार सताड उघडलं. आत आरसा, त्यामागे शटर, त्यामागे सेन्सर. बाहेरची वाफ आत शिरून जिथे गार पृष्ठभाग मिळेल तिथे बसली असणार. मला दिसलं काहीच नाही. फोटो चांगले आले.

दुपारी २:४०. उणे १७ तास

चढण पाचनईकडून सोपी आहे. वाटेत कातळाची मोठी कपार डोक्यावर छत धरते आणि पाण्याचा पडदा तिच्या पुढून कोसळतो. पाऊस येऊन-जाऊन होता. कॅमेऱ्याला रेनकोट होता, वरून घालायचा, खाली मोकळा, छत्रीसारखा. त्याच्याबद्दल पुढे.

गडावरच्या देवळाजवळ पाचनईच्या एका कुटुंबाची झोपडी होती, निळ्या ताडपत्रीची. राहायची सोय, पिठलं-भाकरी, चहा. मावशींनी माझ्या पाठीवरच्या बोजाकडे बघून विचारलं, "एवढं काय आणलंय, दादा?" भाच्याने परस्पर उत्तर दिलं, "मामाचा संसार."

तो केदारेश्वराच्या गुहेत जाऊन आला. तिथे पिंडीभोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि भोवती कमरेइतकं बर्फगार पाणी. मी गेलो नाही. कॅमेरा पाण्याजवळ न्यायला नको म्हणालो. ही खबरदारी मी त्या ट्रिपमध्ये घेतली, याची नोंद असावी.

संध्याकाळी ५:१०. उणे साडेचौदा तास

कोकणकडा सरळ तुटत नाही. नागाच्या फण्यासारखा आतून पोखरलेला, पुढे झुकलेला अर्धगोल आहे तो. समुद्रावरून आलेला वारा त्या वाटीत शिरतो, आत जायला जागा नाही म्हणून भिंत धरून वर उसळतो. काठावरून टाकलेली हलकी टोपी परत डोक्यावरून मागे जाते. सगळे ट्रेकर हा खेळ करतात. भाच्याने बिस्किटाच्या पुड्याचा कागद सोडायला काढला, त्याला मी झापलं. खाली बेलपाडा गाव आहे, उकिरडा नव्हे.

पावसाची सर आली. मी शहाण्यासारखा रेनकोट कॅमेऱ्यावर ओढला, ट्रायपॉडला वजनासाठी बॅग अडकवली आणि थांबलो. अर्ध्या मिनिटाने हनुवटीवर पाणी आलं. नाकपुड्यांत आलं. तिथे पाऊस खालून वर पडतो. वाऱ्याबरोबर कड्याच्या पोटातून वर चढणारे थेंब छत्रीच्या आतल्या बाजूने भिजवतात. माझ्या कॅमेऱ्याचा रेनकोट आता पाणी अडवत नव्हता, साठवत होता. कोकणकड्यावर आतून धुतलं जाणारं यंत्र त्याआधी कोणी नेलं असेल, नसेल. मी नेलं.

कॅमेऱ्याच्या बॉडीला रबरी सील होते. पण वाइड लेन्स जुनी, तिच्या माउंटला रबराची कडी नव्हती. शिवाय बॅटरीचं दार कॅमेऱ्याच्या तळाला असतं. बरोबर त्याच बाजूने पाऊस.

झोपडीत आलो. सुती पंचाने बाहेरून पुसला. आणि पुसून झाल्यावर, कोणीही करेल तेच केलं. चालू होतोय का ते पाहिलं.

झाला. वरच्या छोट्या पडद्यावर आकडे उमटले. बंद केला. भाचा म्हणाला, "चालतोय ना? झालं तर मग." चालतो आहे हे पाहण्यासाठी मी आत जी वीज सोडली तिच्याविषयी तेव्हा दोघांच्याही मनात काही आलं नाही.

रात्री ८:४०. उणे ११ तास

पिठलं खाताना मी तिसऱ्यांदा चालू करून पाहिला. आता मागच्या पडद्याच्या आतल्या बाजूला वाफेचा नखाएवढा डाग होता. व्ह्यूफाइंडरमध्ये मंदिराच्या पणतीभोवती मऊ तेजोवलय दिसलं. भाचा म्हणाला, "इंद्रवज्र मिळालं की, मामा."

इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर फिरते. पाण्याने कॅमेरा लगेच मरत नाही. पावसाचं पाणी आत गेलं आणि वीज नसेल, तर ते वाळेपर्यंत यंत्र नुसतं ओलं असतं. पण सर्किटच्या बोर्डवर एकमेकांपासून केसाएवढ्या अंतरावर तांब्याच्या रेघा असतात. बोर्डवरची धूळ आणि क्षार विरघळून पाणी वीज वाहू लागतं. दोन रेघांमध्ये बॅटरीचा दाब असला की तांबं एका रेघेतून सुटून दुसरीकडे निघतं. शाळेत मोरचुदाच्या द्रावणात दोन पट्ट्या बुडवून हेच दाखवतात. नंतर पुण्यातल्या दुरुस्ती करणाऱ्याने मला भिंगाखाली तो बोर्ड दाखवला. पितळी भांड्यावर चढतो तसला हिरवा कळंक, बॅटरीच्या जागेपासून सुरू होऊन बोटभर आत गेलेला. तो एवढंच म्हणाला, "बॅटरी काढून आणला असतात तर पुसून दिला असता."

म्हणजे पहिलं काम: बॅटरी बाहेर. कार्ड बाहेर, लेन्स बाहेर, दारं उघडी, तोंड खाली. दुसरं काम: दोन दिवस काहीही न करणं. दुसरं जास्त अवघड आहे.

बॅटरी मी काढली. उशिरा, पण काढली.

मग मावशींनी चुलीकडे हात केला. "इथं ठेवा उबेला, दादा. आमची कापडं वाळत्यात." चुलीच्या वर दोरी होती आणि तिच्यावर ओले मोजे धुरात पिकत होते. मी नको म्हणालो. जास्त उष्णतेने वाफ बाहेर जायच्या ऐवजी कॅमेऱ्याच्या आणखी आत, गार कोपऱ्यांत जाऊन बसते, लेन्समधलं वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पाकळ्यांवर उतरतं, आणि धुराची काजळी वेगळीच. हे सगळं मी मावशींना समजावलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि भाकरी उलटायला वळल्या.

भाच्याने तांदूळ काढायला लावले. "मोबाइल पडला की सगळे तांदळातच ठेवतात." तांदूळ ओल फारशी ओढत नाही, उघड्या हवेत ठेवलेली वस्तू जवळजवळ तेवढीच वाळते, वर तांदळाची पूड फटीत जाते, हेही मला ठाऊक होतं. खरे ओल ओढणारे दाणे घरी होते. गुलाबी. पण समोर काही तरी करायला मिळत असताना हात जोडून बसणं माणसाला जमत नाही. मावशींनी डब्यातून दोन मापं तांदूळ काढून ताटात ओतले. माउंटला झाकण लावलं, कॅमेरा कापडात गुंडाळला आणि तांदळात निजवला. सत्यनारायणाच्या पूजेला बसवावा तसा तो दिसत होता.

रविवार, पहाटे १:४०. उणे ६ तास

झोप नाही. ताडपत्रीवर पाऊस थांबला होता.

मी उठलो, कॅमेरा काढला, बॅटरी घातली, स्विच सरकवला. चालू. बंद. बॅटरी काढली. परत तांदळात.

"नववी वेळ," अंधारातून भाचा म्हणाला. तो मोजत होता.

वेळ जावा म्हणून मी त्याला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची गोष्ट सांगितली. १९४१, न्यू मेक्सिको, हर्नांडेझ नावाचं खेडं. दिवस मावळतोय, चंद्र वर आलाय, स्मशानातल्या क्रूसांवर शेवटचं ऊन. अ‍ॅडम्सने गाडी थांबवली, अवजड कॅमेरा उभा केला आणि त्याला प्रकाश मोजायचा मीटर सापडेना. चंद्राची उजळता त्याला पाठ होती, दर चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून मनातल्या मनात हिशोब करून त्याने एक फोटो घेतला. दुसरी प्लेट सरसावेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. तो एक फोटो जगभर गेला.

भाचा बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, परिणाम झाला.

"मामा, त्यांचा मीटर हरवला होता. कॅमेरा नाही."

पहाटे ५:४०. उणे २ तास

बाहेर चांदणं, दरी दिसत नाही, म्हणजे ती धुक्याने काठोकाठ भरलेली. असं मी चार खेपांत पाहिलं नव्हतं. मावशींच्या यजमानांनी ताडपत्री वर करून बघितलं आणि म्हणाले, "आज दिसंल तुमचं ते." त्यांनी ते किती वेळा पाहिलंय विचारलं तर हसले. मोजलं नव्हतं.

तांदळातून कॅमेरा काढला. पडद्यामागचा डाग गेला होता. वाइड लेन्स परत लावली, तिच्यातून चूल स्वच्छ दिसली. स्विचच्या फटीत अडकलेली एक कणी मी टाचणीने काढली. मोठ्या समाधानाने. आता वाटतं, त्या कणीला आत राहू द्यायला हवं होतं.

सकाळी ७:०५. उणे ३६ मिनिटं

कड्यावर चारच माणसं. वारा पडलेला. समोर पांढरा समुद्र, पाठीमागे डोंगराआड सूर्य. ऊन अजून कड्यावर आलं नव्हतं. ट्रायपॉड उभा केला, तिन्ही पायांखाली कातळ चाचपला, वर कॅमेरा बसवला. या वेळी रेनकोट नाही, तो झोपडीतच ठेवला होता. लेन्स वाइड, दृश्य मोठं, इंद्रवज्र त्यात लहानसं येणार. ते इंद्रधनुष्यासारखं आभाळभर पसरत नाही, डोक्याच्या सावलीभोवती काही अंशांतच मावतं. म्हणजे लांबची लेन्स हवी. ती बॅगेत होती. पण पुन्हा लेन्स काढायची माझी हिंमत नव्हती. पाचनईला ती हिंमत नको तिथे दाखवली होती.

आता फक्त थांबायचं होतं. कॅमेरा बंद, बॅटरी आत. स्विचवर हात जाऊ नये म्हणून मी हात खिशात घातले.

७:२० ला एक हात बाहेर आला. चालू. आकडे दिसले. बंद.

"तेरा."

सकाळी ७:४१. शून्य

सूर्याने मागच्या डोंगरावरून डोकं काढलं. कड्याच्या काठाच्या सावल्या लांबच लांब धुक्यावर पडल्या. कडं अजून नाही. धुकं थोडं खाली होतं, अजून हातभर चढायला हवं होतं. मी म्हटलं, एक चाचणी घेऊ. उजेड बघू. स्विच सरकवला, बटण दाबलं.

डीएसएलआरमध्ये बटण दाबलं की दोन आवाज जोडून येतात: आरसा वर गेल्याचा आणि खाली आल्याचा. इतकी वर्षं ऐकून ते एकच वाटतात. त्या सकाळी पहिला आला.

व्ह्यूफाइंडर काळा. मी डोळा तसाच लावून ठेवला. पडद्यावर बिघाडाचा संदेश आला, मग संदेशाची अक्षरं एका बाजूने पुसट झाली, मग पडदाच गेला. स्विच मागे-पुढे. बॅटरी काढून घातली, दुसरी घातली. दुसरी जुनी होती, घरी पूर्ण भरलेली दाखवत होती. इथे तिचा प्रश्नच आला नाही. कॅमेऱ्याच्या तळाला हात लावला तर बॅटरीच्या जागी तो कोमट लागला. माणसाच्या कपाळासारखा. घाईघाईने बॅटरी काढली. एक बारीक वास आला, जळक्या प्लास्टिकचा, आणि वाऱ्याने लगेच नेला.

भाचा या वेळी आकडा बोलला नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवरून उतरवला आणि बॅगेत ठेवला. सवयीने चेनही नीट लावली.

सकाळी ७:५२. अधिक ११ मिनिटं

धुकं हातभर चढलं.

आधी नुसती सावली गडद झाली. मग डोक्याभोवती पिवळसर उजेड, त्याच्या बाहेर तांबूस कडा, आणि मग बघता बघता पूर्ण गोल, आत निळसर, बाहेर लाल, आणि त्याच्याही बाहेर आणखी एक फिकट कडं. पायाखालीसुद्धा पूर्ण. मी हात वर केला, रंगाच्या आत हात वर झाला.

शेजारी माझ्या ट्रायपॉडची सावली होती. तीन पाय आणि वर नुसतं डोकं.

"मामा, माझ्याभोवती आलंय!" भाचा तीन-चार पावलांवरून ओरडला. मी म्हटलं, माझ्याभोवती आहे. तो म्हणाला, नाही, तू बाहेर आहेस. दोघेही बरोबर होतो. धुक्याचे बारीक थेंब प्रकाश जवळजवळ आल्या वाटेनेच परत पाठवतात, त्यामुळे ज्याचा डोळा त्याच्याच डोक्याभोवती कडं. साइक्सच्या घोड्यालाही, त्याने पाहिलं असेल तर, घोडाच मधोमध दिसला असणार. भाच्याने मोबाइलवर फोटो काढला. चांगला आहे. त्यात कडं त्याच्याभोवती आहे आणि मी कडेला एक काळा ठिपका.

मग मला एक गोष्ट सुचली. मी ट्रायपॉडमागे गुडघे टेकले आणि जिथे व्ह्यूफाइंडर असायला हवा तिथे डोळा आणला. कडं सरकत सरकत आलं आणि ट्रायपॉडच्या रिकाम्या डोक्यावर बसलं. कॅमेरा असता तर फोटोत हेच आलं असतं, त्याच्याभोवती. मी तसाच राहिलो. पाठ दुखेपर्यंत. चार-पाच मिनिटांनी धुकं आणखी चढलं, अंगावरून गेलं, आणि ट्रायपॉडसुद्धा दिसेनासा झाला.

दुपारी १२:३०. अधिक जवळजवळ ५ तास

मावशींनी उरलेले तांदूळ ताटातून डब्यात ओतायला घेतले. मी म्हटलं, ते ओले झाले असतील, वेगळे ठेवा. त्यांनी मूठभर घेतले, बोटांतून सोडले, दोन दाणे दातांखाली धरले.

"कोरडेच हायेत की, दादा," त्या म्हणाल्या, आणि त्याचाच भात टाकला.